‘एकत्र सोडा, भांडून होतील शांत’... नाही होणार हो, थांबा जरा

वाचकाचं पत्र:

ताई, आमच्याकडे दीड वर्षाचा कापूस नावाचा ससा आहे. वन बीएचके, हॉलमध्ये त्याचा पिंजरा, पण दिवसभर मोकळाच असतो. एकटा कंटाळतो म्हणून गेल्या रविवारी पेट शॉपमधून सात महिन्यांची चिंगी आणली, मादी आहे असं दुकानदार म्हणाला. घरी आल्या आल्या कापूसच्या पिंजऱ्यात सोडली. आधी तो तिच्या अंगावर चढला, मग एकदम दोघं गोल गोल फिरायला लागले, केस उडाले, तिच्या पाठीला चावा, सोडवायला गेलेल्या मिस्टरांच्या हाताला पण. दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही. आता चिंगी बाथरूममध्ये आहे. सासूबाई म्हणतात दोन दिवस एकत्र सोडा, भांडून होतील शांत. मिस्टर म्हणतात दुकानदार सात दिवसांत बदलून देणार आहे, देऊन टाकू. मुलगी रडतेय. काय करू?
– डोंबिवलीहून एक वाचक

ताई, सगळ्यात आधी: एकत्र सोडू नका. आज नाही, उद्या नाही, ‘माझ्या देखत पाचच मिनिटं’ असंही नाही. सासूबाईंचं म्हणणं कुत्र्यामांजरांच्या बाबतीत कधीकधी चालून जातं, सशांच्या बाबतीत ते अंगाशी येतं, कारण दोन ससे एकदा का गोल फिरून भांडायला लागले की हरणाऱ्याला पळायला जागा लागते आणि पिंजऱ्यात ती नसते. मग जिंकणारा पोट, कान, अगदी गुप्तांगापर्यंत चावतो. सशाची कातडी इतकी पातळ असते की एका चाव्यात सरळ उसवते. तुमच्याकडे पाठीवर निभावलंय, तेवढ्यावर सोडून द्या.

आता पहिलं काम चिंगीच्या पाठीचं. केसांमुळे वरून काही दिसत नाही, तर मोबाईलचा टॉर्च लावून केस हळू फुंकर मारून बाजूला करत सगळं अंग बघा, फक्त पाठ नाही, पोट आणि शेपटीखाली पण. आणि कापूसलाही बघा, त्यालाही लागलं असेल. जखम छोटी दिसली तरी व्हेटला दाखवा, कारण सशाची चाव्याची जखम वरून भरते आणि आत गाठ होते, आतला पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही. शिवाय पावसाळा आहे, ओल्या जखमेवर माशी बसली की अळ्या व्हायला वेळ लागत नाही. आणि एक गोष्ट फ्रिजवर लिहून ठेवा: घरात उरलेलं मुलांचं अ‍ॅमॉक्सिसिलिनचं सिरप सशाला तोंडाने अजिबात नाही, त्यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. तसंच कुत्र्यांच्या पिसवांसाठी मानेवर टाकायचं फिप्रोनिलवालं औषध, तेही नाही. नवीन ससा आला की ‘कीड असेल’ म्हणून लोक ते टाकतात म्हणून सांगतेय.

दुसरं काम, जरा नाजूक आहे. तुम्ही लिहिलंय आधी तो चढला. किती वेळ? चढून मग एकदम आवाज करत कडेला कोलमडल्यासारखा पडला का? मिस्टरांना आठवून बघायला सांगा. कारण सशांचं हे सगळं काही सेकंदांत उरकतं, आणि सशिणीला माजाची तारीखबिरीख लागत नाही, समागम झाला की त्यानंतर बीज सुटतं. म्हणजे चिंगी खरंच मादी असेल तर रविवारपासून दिवस मोजायला लागा, ३० ते ३२ दिवसांत पिल्लं होऊ शकतात. साधारण दोन आठवड्यांनी व्हेटला पोट चाचपून अंदाज घेता येतो. छातीचे केस उपटून तोंडात गवत घेऊन कोपरा भरायला लागली तर समजा वेळ आली, पण सोळा-सतरा दिवसांतच असं करायला लागली तर बहुतेक खोटं गरोदरपण, त्यात पिल्लं नसतात, फक्त चिडचिड असते.

‘खरंच मादी असेल तर’ म्हटलं त्याला कारण आहे. दुकानातल्या ‘जोडी’ वर माझा काडीचा विश्वास नाही. लहान सशात नर-मादी ओळखणं अवघड असतं, दुकानदारही बऱ्याचदा अंदाजानेच सांगतो. सात महिन्यांत मात्र व्हेटला एका मिनिटात कळेल. वरचं सगळं वेळापत्रक त्यावर आहे, त्यामुळे याच आठवड्यात दाखवून घ्या.

आता मूळ प्रश्न, की हे भांडले का. बघा, आपल्या माळावर गावी दिसतो तो ससा वेगळा, तो एकटा राहतो, बीळ करत नाही, आणि तो वन्यजीव कायद्यात येतो त्यामुळे पाळायचा पण नाही. घरातले पांढरे-करडे ससे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळं खणून टोळीने राहणारे. म्हणून त्यांना सोबत लागते, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, कापूस कंटाळलाच असणार. पण टोळीत प्रत्येकाची पायरी ठरलेली असते आणि बाहेरचा ससा बिळात शिरला की त्याला हाकलायचंच असतं. तुम्ही नेमकं तेच केलंत, परकी सशीण थेट त्याच्या बिळात. हनुवटी घासून घासून त्याने हॉलमधल्या सोफ्यापासून टीव्हीच्या टेबलापर्यंत सगळ्यावर आपलं नाव लिहून ठेवलेलं असतं, आपल्याला वास येत नाही एवढंच. त्यात दोघं वयात आलेले, म्हणजे हार्मोन डोक्यात गेलेले. यात स्वभाव, ‘ती तापट आहे’, ‘तो जेलस आहे’ वगैरे काही नाहीये.

म्हणूनच बदलून आणण्यात अर्थ नाही. दुसरा ससा आणाल, तोही वयात आलेला, तोही परका, परत केस उडतील. दोन नर आणले तर अजून अवघड, दोन माद्याही सोप्या नाहीत. ऑपरेशन झालेला नर आणि ऑपरेशन झालेली मादी ही जोडी सगळ्यात लवकर जमते आणि ती (दुकानदार खरं बोलला असेल तर) तुमच्याकडे आहेच. आणि सात दिवसांत दुकानात परत गेलेल्या चावलेल्या सशाचं पुढे काय होतं ते मुलीला सांगता येईल का, हेही मिस्टरांना विचारा.

तर ऑपरेशन. दोघांचं. ‘फक्त नराचं करू, स्वस्तात होईल’ हा हिशेब सगळे करतात, मला कळतं, मादीचं पोट उघडावं लागतं त्यामुळे ते महाग आणि जास्त जोखमीचं असतं. पण मादी तशीच ठेवली तर चिडचिड, जागेवरून भांडणं चालू राहतात, आणि वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका सशिणींमध्ये फार मोठा असतो. ससे नीट ठेवले तर आठ-दहा वर्षं जगतात, त्यामुळे हा खर्च आत्ताच करा. फक्त डॉक्टर बघून निवडा. कुत्र्यामांजरांचे उत्तम डॉक्टर सशाला हात लावायला घाबरतात आणि ते प्रामाणिकपणे तसं सांगतात, राग मानू नका. सशांची ऑपरेशनं नेहमी करता का हे सरळ विचारा. आणि मग विचारा की आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का. ‘हो, बारा तास’ असं उत्तर आलं तर धन्यवाद म्हणा आणि निघा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपाशी ठेवायचं कारणच नसतं, उलट पोट रिकामं राहिलं की आतडी थंडावतात आणि तेच जीवावर बेततं. डोंबिवलीत कोणी नाही मिळालं तर परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये चौकशी करा, लोकल लांबची आहे पण गर्दीची वेळ टाळून टोपलीवर ओला नाही, साधा सुती पंचा टाकून जा.

ऑपरेशन झालं म्हणजे लगेच एकत्र, असं नाही. नराच्या अंगात आधीचं शिल्लक असतं, त्यामुळे पुढचे पाच-सहा आठवडे तो बाप होऊ शकतो, आणि हार्मोन उतरायलाही तेवढाच वेळ लागतो. आत्ता आषाढ संपत आलाय. श्रावण लागता लागता दोघांचं उरकलं तर एकत्र भेटवण्याची वेळ गणपती गेल्यावर, पितृपक्षात येते. सासूबाई म्हणतील पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही, तर त्यांना म्हणा सशांना पंचांग कळत नाही, ढोल-ताशे मात्र कळतात. गणपतीत खाली मिरवणूक चालू असताना दोन घाबरलेले ससे समोरासमोर आणणं म्हणजे मुद्दाम भांडण लावणं. आणि चिंगी गाभण निघाली तर हे सगळं वेळापत्रक व्हेट सांगेल तसं पुढे जाईल.

पण मधले आठवडे वाया घालवायचे नाहीत, खरं काम याच काळात होतं. चिंगीला बाथरूममधून बाहेर काढा. एक तर ओल, निसरडी फरशी, आणि तिथे राहिली की ते ‘तिचं’ होईल. सुरुवातीचे दोन आठवडे तिला बेडरूममध्ये एकदम वेगळं ठेवा, शिंका, नाकातून पाणी, कानात खपली, कोंड्यासारखी खरूज असं काही नाही ना बघायला. तिला हात लावून आलात की हात धुऊन मग कापूसकडे. दोन आठवडे नीट गेले की मग हॉलमध्ये शेजारी शेजारी दोन पिंजरे, पण चिकटवून नाही, मध्ये चार बोटं जागा पाहिजे, नाहीतर जाळीतून नाक आणि बोटं चावतात. सुरुवातीला जाळीवर धावून येतील, पाय आपटतील, येऊ दे. तुम्ही काय करायचं, तर रोज दोघांच्या लघवीच्या ट्रेची अदलाबदल. हिच्या लेंड्यांचा ट्रे त्याला, त्याचा हिला. चार-पाच दिवसांनी ट्रेऐवजी आख्खा पिंजराच बदलायचा, तो तिच्या, ती त्याच्या. आधी कापूस चिडून सगळीकडे लेंड्या पसरेल, ते पसरणं म्हणजे ‘हे माझं आहे’ असं सांगणं असतं, झाडू मारा आणि चालू ठेवा. कोथिंबिरीची जुडी किंवा मेथी द्यायची ती जाळीच्या या बाजूला आणि त्या बाजूला, म्हणजे खाताना तोंडं समोरासमोर. गणपतीतल्या दूर्वा उरतात त्या दोघांना फार आवडतील, फक्त हळदीकुंकू लागलेल्या नकोत आणि ओल्या ढिगात राहून कुबट झालेल्या तर मुळीच नकोत. रोजचं मुख्य खाणं मात्र वाळलेलं गवतच. बाजारात मिळणारा लसूणघास मोठ्या सशांना रोज देऊ नका, त्यात कॅल्शियम जास्त असतं.

एक दिवस तुम्हाला दिसेल की जाळीच्या दोन्ही बाजूंना दोघं पाठ टेकून आडवे पसरलेत. तो दिवस आला की समजा आता भेटवायला हरकत नाही. आला नसेल तर सहा आठवडे झाले असले तरी थांबा.

भेटवायची जागा दोघांनाही अनोळखी पाहिजे. तुमच्या वन बीएचकेत आता अशी जागाच उरलेली नाही, हॉल त्याचा, बेडरूम तिची. शेजारच्या काकूंना अर्धा तास हॉल मागा. फरशीवर सतरंजी टाका, पाय घसरला की ससा घाबरतो आणि घाबरलेला चावतो. पुठ्ठ्याचा मोठा खोका ठेवा, पण त्याला दोन दारं कापा, एकच दार असलं की आत शिरलेला कोंडीत सापडतो. मध्ये गवताचा मोठा ढीग. तुमच्या हाताशी सुपली आणि जाड पायपुसणं. हात मध्ये घालायचा नाही, मिस्टरांना अनुभव आहेच.

पहिल्या भेटीत काय होईल ते सांगते म्हणजे घाबरणार नाही. ते एकमेकांचं ढुंगण हुंगतील. कापूस चढेल, ऑपरेशन झालेलं असलं तरी चढेल, ते आता पायरी ठरवणं असतं. चिंगी पळाली किंवा गप्प बसली तर दहा-पंधरा सेकंद होऊ द्या, मग हळूच उतरवा. पण उलटा, म्हणजे तिच्या तोंडाच्या बाजूने चढला तर तत्क्षणी उतरवा, तिने तिथे चावलं तर फार वाईट होतं. थोडं पळवणं, मागून एखादा केसांचा पुंजका उपटणं चालतं. कधी थांबवायचं, तर कान मागे चिकटले, शेपटी ताठ वर, अंग सपाट आणि नजर समोरच्यावर रोखलेली, हे दिसलं की सुपली मध्ये सरकवा, चाव्याची वाट बघू नका. गोल गोल फिरणं सुरू झालं तर त्या दिवसाची भेट संपली.

अजून एक प्रकार होतो, तो बघायला मजेशीर पण जरा लक्ष ठेवायला लागतं. एक जण समोरच्यापुढे डोकं अगदी खाली, जमिनीला लावून बसतो. लोकांना वाटतं शरण आला. उलट आहे, तो म्हणतोय ‘मला चाट’. मोठेपणा त्याला हवाय. आणि समोरचाही डोकं खाली घालून बसला की झालं, दोघेही बसून राहतात, कोणीच चाटत नाही, आणि शेवटी एक जण वैतागून चिमटा काढतो. अशा वेळी दोघांच्या कपाळाला जरासं पिकलं केळं लावा, चाटायला सुरुवात तरी होते. प्रेम नसतं ते, केळं असतं, पण काम होतं.

पहिल्यांदा दहा मिनिटं बास. भेट चांगली चालू असतानाच संपवा. रोज एक, थोडी थोडी वाढवत. आणि दोघं एकमेकांकडे साफ दुर्लक्ष करून आपापलं गवत खात बसले तर निराश होऊ नका, दुर्लक्ष ही फार चांगली खूण आहे. यूट्यूबवर कोणी सांगेल की दोघांना एका टोपलीत घालून गाडीतून फिरवा किंवा चालू वॉशिंग मशीनवर ठेवा, घाबरून एकमेकांना बिलगतात. बिलगतात, पण भीतीने, आणि घरी आल्यावर परत तेच. करू नका.

तास-दोन तास शांत जायला लागले, एकमेकांना चाटायला लागले, आडवे पडायला लागले, की मग सुट्टीचे सलग दोन दिवस काढा आणि घरी आणून तुमच्या नजरेसमोर पूर्ण वेळ एकत्र ठेवा. त्याआधी हॉल व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, पिंजरा धुवा, आतलं सामान नव्या जागी मांडा, म्हणजे कापूसला ‘माझं जुनं घर’ वाटायला नको. पाण्याचे वाडगे दोन, ट्रे दोन, गवत दोन ठिकाणी. रात्रही नीट गेली तर मग जाळी काढा. कोणाचं आठवड्यात जमतं, कोणाचं तीन-चार महिने जातात. मुलीला आधीच सांगून ठेवा, ती रोज विचारणार ‘झाली का मैत्री’.

आणि नाहीच जमलं तर? काही जोड्या जमत नाहीत. मग दोन पिंजरे शेजारी, मोकळं सोडायच्या वेळा वेगळ्या, सकाळी हा, संध्याकाळी ती. जाळीपलीकडे आपल्यासारखं कोणीतरी आहे एवढंही एकट्या सशाला बरंच असतं. जागेची अडचण होईल हे मान्य, पण तो निर्णय चार महिन्यांनी घ्यायचा आहे, सातव्या दिवशी नाही.

एकदा जमल्यावरची एक गोष्ट. यापुढे एकाला व्हेटकडे न्यायचं असेल तर दुसऱ्यालाही त्याच टोपलीतून न्या. एकटा गेलेला ससा दवाखान्याचा वास घेऊन परततो आणि घरचा त्याला परका समजून हाणतो, जमलेली जोडी अशी एका दुपारी मोडते.

सध्या मात्र या आठवड्यात फक्त तीन गोष्टी करा: चिंगी बाथरूममधून बाहेर, दोघांना दोन टोपल्यांतून व्हेटकडे, आणि दुकानदाराला फोन करून बदली नको म्हणून सांगणं. व्हेटकडे जाताना चिंगी रोज खाते ते गवत पिशवीत घेऊन जा, आणि घरी आल्यावर ती बारा तासांत काही खात नसेल किंवा लेंड्या पडत नसतील तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करा.